रिकाम्या काट्यावर ९६७ किलो: जीसीसी आणि क्लँगचे सॅनिटायझर वापरून पाहिले

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या आठवड्यात सावद्याच्या एका केळी पॅकहाउसमधून फोन आला. "भाऊ, तुमचा काटा सकाळी झकास चालतो. दुपारी बारा वाजले का रिकाम्या पाट्यावर ९६७ किलो दाखवतो. दोन सेकंदांनी सगळे आकडे आठ-आठ होतात, अन् परत शून्यावर येतो." काटा १०० किलोचा होता. आठ-आठ दाखवणं म्हणजे आतली चिप नव्याने सुरू होणं. सुरू होताना ती सगळे दिवे एकदा तपासून घेते.

मी जळगावच्या एमआयडीसीत छोट्या शेडमध्ये वजनकाट्यांची आणि ठिबकच्या कंट्रोलरची इलेक्ट्रॉनिक्स बनवतो. सगळा प्रोग्राम सी भाषेत, माझ्या हातचा. त्यामुळे ही चूक माझीच होती आणि ती मलाच शोधायची होती. ती शोधताना जे साधन हाती लागलं त्याबद्दल लिहितोय, कारण आपल्याकडे मायक्रोकंट्रोलरवर काम करणारी पोरं पुष्कळ आहेत आणि त्यातली बरीचशी हे साधन न वापरताच माल गिऱ्हाइकाला देतात. मीही अनेक वर्षं तसाच देत होतो.

साधन म्हणजे जीसीसी आणि क्लँग या दोन कंपायलरमध्येच (सी प्रोग्रामचं चिपच्या भाषेत रूपांतर करणारे प्रोग्राम) बसवलेले सॅनिटायझर, म्हणजे प्रोग्राम चालताना त्यातल्या चुका पकडणारे पहारेकरी. वेगळं काही विकत घ्यायचं नाही, परवाना नाही, नोंदणी नाही. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर क्लँगमध्ये २०१२ मध्ये आला, जीसीसीच्या ४.८ आवृत्तीत २०१३ मध्ये. अनडिफाइन्ड बिहेवियर सॅनिटायझर, ज्याला सगळे यूबीसॅन म्हणतात आणि जो भाषेने ठरवून न दिलेली वागणूक पकडतो, तो जीसीसीत ४.९ पासून आहे. म्हणजे इतकी वर्षं ते माझ्याच लॅपटॉपवर पडून होतं.

आधी काट्याचं सांगतो. ९६७ किलो आले कुठून?

रिकाम्या कॅरेटचं किंवा पाट्याचं वजन वजा करायला आपण धडा करतो, काट्याच्या भाषेत टेअर. सकाळी सहाला धडा केला तेव्हा लोडसेल (वजन मोजणारा सेन्सर) थंड होता. दुपारी पत्र्याखाली पारा ४४ च्या पुढे गेला की रिकाम्या पाट्याचं वाचन सकाळपेक्षा २० ग्रॅमने खाली उतरायचं. लोडसेलमध्ये हे होतंच, त्यात काही वावगं नाही. वावगं माझ्या एका ओळीत होतं: निव्वळ = एकूण - धडा. आणि तिन्ही व्हेरिएबल ३२ बिटांची अनसाइन्ड, म्हणजे उण्या आकड्याला जागा नसलेली. मनात हिशेब साधा होता की वजन कधी उणं नसतं, मग उण्याची जागा कशाला ठेवायची.

सीमध्ये अनसाइन्ड वजाबाकी शून्याखाली जातच नाही. ती उलटी फिरून वरच्या टोकाला येते. ३२ बिटांचं एकूण घर ४२९४९६७२९६ चं. त्यातून २० गेले की ४२९४९६७२७६. माझ्या डिस्प्लेला आकडे सहाच, म्हणून शेवटचे सहा दिसायचे, ९६७२७६, आणि तीन आकड्यांआधी टिंब. झाले ९६७.२७६ किलो.

इथवर तर नुसता आकडा चुकीचा होता. पुढची गोष्ट वाईट. पॅकहाउसवाल्यांना कोणत्या वजनाचा माल किती आला याची गटवारी हवी होती, म्हणून मी २० खणांचा एक अ‍ॅरे ठेवला होता. दर पाच किलोला एक खण. वजन स्थिर झालं की ग्रॅमला ५००० ने भागायचं आणि त्या खणात एक मिळवायचा. ४२९४९६७२७६ भागिले ५००० म्हणजे ८५८९९३. वीस खणांच्या कपाटात आठ लाख एकोणसाठ हजारावा खण उघडायला निघालो होतो. चिपची रॅम आहे २० केबी, तो पत्ता तिच्याकडे नाहीच. प्रोग्राम तिथे पडायचा, वॉचडॉग (अडकलेली चिप पुन्हा सुरू करणारं घड्याळ) त्याला उठवायचा, उठल्यावर आपोआप नवा धडा व्हायचा आणि काटा शून्यावर. म्हणून पॅकहाउसवाल्यांना वाटायचं, काटा आपला आपण सुधारतो.

हे सगळं मला बसल्या जागी उमगलेलं नाही. इंटर्नशिपला आलेल्या मुलीने काढून दिलं. ती म्हणाली, "सर, हार्डवेअरचा भाग बाजूला ठेवू, नुसता हिशेबाचा कोड लॅपटॉपवर चालवू. सॅनिटायझर लावून." मला वाटलं दोन दिवस जातील. हार्डवेअर वाचणारी चार फंक्शनं वेगळ्या फायलीत काढून त्यांच्या जागी खोटं वाचन देणारी चार लिहिली, तेवढाच वेळ गेला. दुपारच्या जेवणाआधी झालं. मग कंपायलरला दोन स्विच (आज्ञेसोबतचे पर्याय) जास्त दिले, एक अ‍ॅड्रेसचा आणि एक अनडिफाइन्डचा, आणि सकाळचं वाचन, दुपारचं वाचन असे आकडे सोडले.

यूबीसॅनने पहिल्याच फेरीत फायलीचं नाव आणि ओळीचा नंबर देऊन सांगितलं की इंडेक्स (खणाचा नंबर) ८५८९९३ हा २० खणांच्या अ‍ॅरेच्या बाहेर आहे. मी त्या आकड्याकडे बघत बसलो. तो आकडाच सगळी कहाणी सांगत होता. त्याला ५००० ने गुणलं की ४२९४९६५००० येतात, ३२ बिटांच्या घराच्या अगदी टोकाजवळ.

तिने तिथे थांबायला नको म्हटलं आणि काट्याची पूर्ण क्षमता सोडली, बरोबर १००००० ग्रॅम. परत ओरड: इंडेक्स २० बाहेर आहे. वीस खण म्हणजे ० ते १९. बरोबर शंभर किलो ठेवले की मी २० नंबरचा खण उघडत होतो, जो नाहीच. चिपवर तिथे शेजारचं व्हेरिएबल बसलेलं, त्यात गुपचूप एक मिळत होता. ही तक्रार कुणीही कधीच केली नव्हती. बरोबर शंभर किलो कोण ठेवतं? पण ठेवलं असतं तर मला ती चूक वर्षभर सापडली नसती, आणि त्यासाठीच या साधनाला मी मनापासून मानतो. लोकांनी सांगितलेली चूक आपण शोधतोच. न सांगितलेली कोण शोधणार?

काम कसं करतं ते थोडक्यात. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर मेमरीच्या दर आठ बाइटांमागे एक बाइट स्वतःची नोंदवही म्हणून ठेवतो आणि प्रत्येक अ‍ॅरेच्या दोन्ही अंगांना निषिद्ध पट्टा सोडतो, दोन शेतांमधल्या बांधासारखा. बांधावर पाय पडला की बोंब मारतो. पण एखाद्याने बांध ओलांडून थेट दुसऱ्याच्या शेतात उडी मारली तर त्याला कळत नाही, कारण ती जमीनही कुणाच्या तरी नावावर आहे. आमचा ८५८९९३ हा असाच लांब उडीचा. तिथे यूबीसॅन कामी आला, तो अ‍ॅरेची लांबी बघून इंडेक्सच तपासतो. मात्र अ‍ॅरे फंक्शनला पॉइंटर, म्हणजे नुसता पत्ता, म्हणून दिला की लांबीची माहिती हरवते आणि यूबीसॅन गप्प बसतो. म्हणून दोघे जोडीनेच लावायचे. प्रोग्राम साधारण दुप्पट हळू चालतो, पण लॅपटॉपवर चाचणीला त्याने काही बिघडत नाही.

चिपवर अ‍ॅड्रेस सॅनिटायझर चालवायचा विचारही करू नका, २० केबीत त्याची वही कुठे मावणार. आणि विंडोजवर मी जो मिनजीडब्ल्यू (जीसीसीचं विंडोजवरचं रूप) वापरत होतो त्यात मला तो मिळाला नाही. शेवटी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं. त्यासाठी अर्धा दिवस गेला, तो धरून चाला.

आता त्या ९६७ किलोच्या मुळाशी. यूबीसॅनने अ‍ॅरेबद्दल सांगितलं, पण एकूण - धडा या ओळीबद्दल चकार शब्द काढला नाही. का? कारण सी भाषेच्या प्रमाणग्रंथाप्रमाणे ती चूकच नाही. साइन्ड (उणा आकडाही धरणारी) संख्या मर्यादेबाहेर गेली तर ते अनडिफाइन्ड, तिथे कंपायलर काहीही करायला मोकळा. अनसाइन्ड मात्र नेमाने गुंडाळली जाते, दोनाच्या घाताने भागून उरेल ती बाकी. भाषेने हे वचन दिलंय आणि ते पाळलं जातं.

हे वचन उपयोगाचं आहे. आमच्या गावी चाकांचं जुनं विजेचं मीटर होतं, पाच आकडी. ९९९९९ नंतर ते ००००० वर यायचं. मागच्या महिन्याचं वाचन ९९९८० आणि या महिन्याचं ०००१२ असलं तरी रीडिंग घेणारा माणूस गोंधळायचा नाही, ३२ युनिट लिहायचा. वजाबाकी फिरून बरोबर उत्तरावर येते. वेळ मोजताना सीमध्ये आपण हेच करतो. आता वजा सुरुवात, दोन्ही अनसाइन्ड, मधे घड्याळ शून्यावरून फिरून आलं तरी फरक बरोबर. मीटरला ही वजाबाकी लागू पडते कारण मीटर मागे फिरत नाही. काट्याचं वाचन धड्याच्या खाली उतरू शकतं, म्हणून त्याला ती लागू पडत नाही. ओळ तीच, अर्थ वेगळा, आणि तो अर्थ फक्त लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतो.

क्लँगमध्ये यासाठी एक जास्तीचा सॅनिटायझर आहे, अनसाइन्ड इंटिजर ओव्हरफ्लोचा. तो वेगळा मागून घ्यावा लागतो, जीसीसीत तो नाही. त्याने लगेच दाखवलं की ० - २० हे अनसाइन्ड इंटमध्ये (इंट हा सीचा नेहमीचा पूर्णांक प्रकार) मावत नाही. पण त्याच दमात त्याने माझ्या वेळ मोजणाऱ्या ओळी आणि चेकसमही (माहिती नीट पोचली का ते तपासणारी बेरीज) पकडले, जिथे गुंडाळणं मला हवंच होतं. अशा फंक्शनांवर 'इथे तपासू नको' अशी खूण लिहून सूट देता येते. मी प्रत्येक सूट देताना वर मराठीत एक ओळ लिहिली, इथे फिरणं का चालतं त्याची. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्या दोन दिवसांत मला माझाच कोड पहिल्यांदा नीट कळला.

काट्यात आता वजन साइन्ड आहे. लोडसेल वाचणारी चिप मुळात २४ बिटांची साइन्ड संख्याच देते, मीच तिला अनसाइन्डमध्ये कोंबलं होतं. "वजन उणं नसतं" हे खरं, पण दोन वाचनांचा फरक उणा असतो, आणि आपल्या हाती फरकच येतो.

या साधनाची हद्द मला चोपड्याच्या बाजूला कळली. एका नानांच्या केळीबागेत माझा ठिबकचा कंट्रोलर होता. आठ बिटांच्या जुन्या चिपवर चार वर्षं नीट चाललेला प्रोग्राम मी नव्या ३२ बिटांच्या चिपवर आणला. कोड जसाच्या तसा, कंपायलरची वॉर्निंग एकही नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे फोन: "भाऊ, रातभर पाणी बंदच नही व्हयनं." रात्रपाळीची लाइट होती. एका प्लॉटमध्ये पाणी तुंबलं, पुढचे तीन कोरडे राहिले, आणि आदल्या दिवशी सोडलेलं खत धुऊन गेलं. नाना एक शब्द वाकडा बोलले नाहीत, पण नुकसान त्यांचं झालं होतं.

प्रोग्राममध्ये सेकंद १६ बिटांच्या अनसाइन्डमध्ये मोजले होते. ६५५३६ सेकंद म्हणजे १८ तास १२ मिनिटं १६ सेकंद. कंट्रोलर सकाळी सहाला सुरू झाला, तर रात्री सव्वाबाराच्या आत घड्याळ शून्यावर येतं. व्हॉल्व्ह ११:५५ ला उघडला, तेव्हा घड्याळात ६४५००. बंद करायची अट: आता - सुरुवात, अर्धा तास म्हणजे १८०० किंवा जास्त झाली की. घड्याळ फिरायच्या आत फरक फार तर १०३५ पर्यंत जातो. फिरल्यावर ० - ६४५००.

जुन्या चिपवर इंट १६ बिटांचाच. तिथे १६ बिटांची अनसाइन्ड संख्या अनसाइन्डच राहते आणि मीटरसारखी फिरून १०३६ देते. नव्या चिपवर इंट ३२ बिटांचा. सीचा नियम असा की इंटपेक्षा लहान संख्या हिशेबात घेताना आधी इंट होते, आणि इंट साइन्ड असतो. मग ० - ६४५०० म्हणजे चक्क उणे ६४५००. उणे संख्या १८०० ला कधी गाठणार? व्हॉल्व्ह बंदच होणार नाही.

मी दोन्ही सॅनिटायझर लावले, क्लँगचा तो खास अनसाइन्डवालाही लावला, सगळ्या वॉर्निंग चालू केल्या. कुणीही काही बोललं नाही. आणि त्यांचं बरोबर आहे. उणे ६४५०० इंटमध्ये आरामात मावतं, काही ओसंडलं नाही, कुठला अ‍ॅरे ओलांडला नाही. भाषेच्या दृष्टीने निर्दोष प्रोग्राम, आणि नानांच्या बागेत रात्रभर पाणी. उपाय एका शब्दाचा होता: वजाबाकी कंसात घालून परत १६ बिटांच्या अनसाइन्डमध्ये बदलून घ्यायची (कास्ट करायची), मग तुलना करायची.

कॉलेजात आम्ही सी शिकलो ते निळ्या पडद्यावरच्या टर्बो सीवर, जिथे इंट १६ बिटांचा होता. त्यामुळे इंट केवढा हा प्रश्न मनात कधी उठलाच नाही. आज शिकवणाऱ्यांना विनंती आहे, ही एक गोष्ट पोरांना दोन वेगवेगळ्या कंपायलरवर चालवून दाखवा.

वॉर्निंगबद्दल दोन शब्द, कारण सॅनिटायझरच्या आधी त्या लावायच्या. नुसता 'ऑल' हा स्विच पुरत नाही. सीमध्ये साइन्ड-अनसाइन्ड तुलनेची वॉर्निंग 'एक्स्ट्रा' दिल्यावरच येते. उलटं मोजणारा लूप, ज्यात अनसाइन्ड आय शून्याहून मोठा किंवा समान असेपर्यंत चालायचं असतं, तो कधीच संपत नाही, कारण अनसाइन्ड नेहमीच शून्याहून मोठा किंवा समान असतो. 'एक्स्ट्रा' हे चालवायच्या आधीच सांगते. मी आता अट 'आय-- > ०' अशी लिहितो आणि आय एकूण संख्येपासून सुरू करतो. 'कन्व्हर्जन' नावाची वॉर्निंग मात्र जुन्या कोडला लावली तर पडदा भरून वाहतो, ती नव्या फायलींपासून सुरू करा.

हद्द तपासण्याची ओळ कशी लिहायची हेही याच साधनाने मला सुधारून दिलं. कंट्रोलरमधली नोंद मोबाइलवर मागवताना 'कुठून' आणि 'किती' असे दोन आकडे येतात. मी तपासायचो: कुठून + किती हे आकारापेक्षा मोठं असेल तर नकार. वाचायला अगदी बरोबर वाटतं. कुठून ४२९४९६७२९० आणि किती १० द्या, बेरीज फिरून ४ येते आणि रखवालदार दार उघडतो. बेरीज करायचीच नाही. आधी किती हे आकारापेक्षा मोठं आहे का बघायचं, नसेल तर कुठून हे आकार - किती पेक्षा मोठं आहे का बघायचं. आता वजाबाकी फिरू शकत नाही, कारण आधीच्या अटीने तिला जागा करून दिली आहे. समोरून आलेल्या लांबीवर न तपासता विश्वास ठेवल्याने काय होतं ते २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतल्या हार्टब्लीड या चुकीने साऱ्या जगाला दाखवलं. माझा कंट्रोलर लहान आहे, पण चूक त्याच घराण्यातली.

एसएमएसने येणारी आज्ञा वाचतानाही एक सापडली. पहिली चार अक्षरं सोडून बाकीची कॉपी करायची, म्हणून लांबी - ४. कुणी नुसतं 'ho' पाठवलं की दोन अक्षरं, आणि दोनातून चार. अ‍ॅड्रेस सॅनिटायझरने कॉपी व्हायच्या आधीच थांबवून आकार उणे २ असल्याचं छापलं.

जीसीसी ५ पासून बेरीज-वजाबाकी करून ती मावली की नाही हे सांगणारी अंगभूत फंक्शनं आहेत. सी२३ या सीच्या प्रमाणग्रंथात तीच सोय प्रमाण म्हणून आली, 'सीकेडी' नावाने सुरू होणारी तीन फंक्शनं, बेरीज, वजाबाकी आणि गुणाकाराला. पैसे, वजन आणि लांबी जिथे आहे तिथे मी आता तीच वापरतो. एक ओळ वाढते, पण उत्तर चुकलं तर ते हातात येऊन सांगतं.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो नानांच्या बागेसाठी नव्हे, ते त्याचं कामच नव्हतं. कापला तो त्याची माहिती इतकी विखुरलेली आहे म्हणून. कोणता स्विच कोणत्या कंपायलरमध्ये, कोणता वेगळा मागावा लागतो, हे जुळवायला मला आणि त्या मुलीला एक अख्खा आठवडा लागला. तिने जाण्याआधी सगळे स्विच एका मेकफाइलमध्ये (आज्ञांची यादी ठेवणारी फाइल) बसवून दिले. आता 'मेक तपास' एवढं टाइप केलं की दोन्ही कंपायलर, सगळे सॅनिटायझर, आणि काट्याच्या सगळ्या चाचण्या चालतात.

ठिबकच्या चाचणीत मी एक बदल स्वतः केला. खोटं घड्याळ आधी शून्यापासून सुरू व्हायचं. आता ते ६४५०० पासून सुरू होतं, आणि अर्ध्या तासाने व्हॉल्व्ह बंद झाला नाही तर कंट्रोलर शेडच्या बाहेर जात नाही.